गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या गणपतीत माझी पुतणी सायली घरी आली, ती हातात एक कापडी पिशवी घेऊनच. पिशवीत तिच्या आईबाबांचा जुना डिजिटल कॅमेरा, खिशात मावणारा, २००८ साली घेतलेला. बटण दाबलं की लेन्स अर्धी बाहेर यायची, आतून कर्र कर्र आवाज यायचा, स्क्रीनवर लेन्सबद्दलची तक्रार उमटायची आणि कॅमेरा आपला आपण बंद. हल्ली कॉलेजातल्या मुलांना हे जुने कॅमेरे पुन्हा हवेसे झालेत. मोबाइलपेक्षा त्यातले फोटो ‘खरे’ वाटतात म्हणे. सायलीनं विचारलं, “काका, गेला का हो हा?”

चिपळुणात मी सव्वीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. मी मेकॅनिक नव्हे. पण लोक कॅमेरा काउंटरवर ठेवायचे आणि हाच प्रश्न विचारायचे. गेला का? त्यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं: गेला म्हणजे नेमकं काय गेलं, ते आधी बघू. कारण ‘गेला’ म्हणून आलेल्या कॅमेऱ्यांपैकी कितीतरी दहा मिनिटांत चालू होऊन घरी परत जायचे.

पेन्सिल सेलचंच घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे कोरे सेल आणले, घातले, आणि कॅमेरा म्हणतो, सेल बदला. गिऱ्हाईक चिडायचं, कारण तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले तर सहा महिने चालतात! घड्याळ थेंब थेंब पितं हो. कॅमेरा लेन्स ढकलताना, फ्लॅश भरताना एकदम तांब्याभर मागतो. विहिरीत पाणी दिसतं, पण पंप लावला की तळ उघडा पडतो, तशी साध्या सेलची गत होते. गंमत म्हणजे चार्ज करता येणाऱ्या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्यावर १.५, तरी कॅमेऱ्याला चार्जवालेच मानवतात. भार आला की ते कोसळत नाहीत, म्हणून.

सेल आतच राहून गेले असतील तर पत्र्यांवर पांढरी-हिरवी खपली धरते. कानात घालायच्या कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर जेमतेम लावून पुसायचं, मग स्पिरिटनं. रस आत ओघळता कामा नये. आणि चपटी लिथियम बॅटरी असेल तर ती टेबलावर ठेवून बघा. पोट फुगलं असेल तर ती डगमगते. तशी बॅटरी दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका.

एकदा एक गृहस्थ गुहागरहून एसटीनं आले. कॅमेरा फोटोच काढेना. मी कार्ड बाहेर काढलं, त्याच्या डाव्या कडेची नखाएवढी खिट्टी वर सरकवली आणि कार्ड परत घातलं. झालं! ती खिट्टी खाली सरकली की कार्डाला कुलूप लागतं. त्यांनी पैसे विचारले. मी चहा सांगितला. दुसरी भानगड मोठ्या कार्डांची. जुन्या कॅमेऱ्याला नवं ६४ जीबीचं कार्ड ओळखताच येत नाही. काहींना ३२ पर्यंत चालतं, अगदी जुन्यांना फक्त २. दोष ना कार्डाचा ना कॅमेऱ्याचा, दोघांची भाषा वेगळी. आणि चुकून फोटो पुसले गेले असतील तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेले फोटो बहुधा कार्डावरच असतात, फक्त यादीतून नाव उडालेलं असतं. संगणकावरच्या फुकट प्रोग्रॅमनी ते परत मिळतात. नवा फोटो त्यांच्या डोक्यावर बसला की मग नाही.

आता समजा, फोटो काळा येतोय. मी विचारायचो, कार्डावरचे जुने फोटो स्क्रीनवर नीट दिसतात का? या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. जुने नीट दिसत असतील तर स्क्रीन धडधाकट आहे, दुखणं पुढच्या बाजूला आहे, प्रकाशाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या शटरमध्ये किंवा प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरमध्ये. जुनेही दिसत नसतील तर स्क्रीन किंवा तिच्याकडे जाणारी रिबनसारखी पातळ पट्टी गेली असणार, फोटो मात्र नीट निघत असतील. कार्ड संगणकाला लावून बघायचं. उन्हात काढलेला फोटो पांढराफटक, त्यावर रेघा, आणि घरातला मात्र बरा, असं असेल तर शटर उघडंच अडकलंय. फोटो जांभळा, पाण्यात हलल्यासारखा दिसत असेल तर सेन्सर.

या सेन्सरवरून आठवलं. २००५ च्या सुमाराला जपानी कंपन्यांनी एकामागून एक जाहीर केलं, की आमच्या अमुक अमुक मॉडेलचे सेन्सर निकामी होतायत, ते फुकट बदलून देऊ. वेगवेगळ्या नावांच्या कॅमेऱ्यांत एकाच कारखान्याचा सेन्सर बसवलेला, आणि उष्ण, दमट हवेत त्याच्या आतल्या बारीक तारांचे सांधे सुटत होते. उष्ण आणि दमट! म्हणजे आमची कोकणची हवाच की. तुमच्या मॉडेलची अशी काही घोषणा झाली होती का, हे पैसे मोजण्याआधी बघावं. जुन्या मॉडेलची मुदत केव्हाच संपलीय, पण ही सवय बरी.

आमच्याकडचं खास दुखणं म्हणजे बुरशी. जुलै-ऑगस्टात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवला, की दिवाळीला लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. लेन्समधून टॉर्च मारून बघा, लगेच कळतं. सुरुवातीला साफ होते. फार दिवस राहिली तर काचेवरचा लेपच खाते आणि मग कितीही पुसा, डाग तसाच. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळी जेल ओल प्यायली की गुलाबी होते, तेव्हा बदला. चामड्याची केस मात्र डब्याबाहेर. ती स्वतःच ओल धरते.

आणि पाणी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पेठेत शिरलं, स्टुडिओत छातीपर्यंत होतं. पुढचे पंधरा दिवस लोक कॅमेरे घेऊन येत होते. भिजलेला कॅमेरा चालू करून बघायचा नसतो, पहिल्यांदा बॅटरी आणि कार्ड काढायचं. बहुतेकांनी आधी चालू करून बघितलेला, मग तांदळाच्या डब्यात ठेवलेला. पाणी वाळतं हो, पण पुराचा गाळ आत बसलेला असतो, तो तांदूळ कुठून काढणार? त्या कॅमेऱ्यांचं मी सरळ सांगितलं, सोडा. फक्त कार्डं घ्या, धुऊन वाळवा. कार्डं बरीच वाचली.

सायलीच्या कॅमेऱ्याचं दुखणं वाळूचं होतं. या लेन्समध्ये एकात एक बसणारी नळकांडी असतात आणि त्यांना फिरवायला तांदळाच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे दाते. समुद्रावरच्या वाळूचा एक कण पुरतो. कधी खिशातच बटण दाबलं जातं, लेन्स कापडाला धडकते आणि दाते सरकतात. मी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घातली, लेन्स जमिनीकडे करून फुगेवाल्या ब्लोअरनं फटीत हवा मारली, पुन्हा चालू केला. सात-आठदा. वाळू पडली थोडी, कर्र कर्र थांबली नाही.

आता उघडायचा का? माझा अनुभव सांगतो. फार वर्षांपूर्वी असाच एक कॅमेरा मी शहाणपणा करून उघडला. बॅटरी काढलेली होती, तरी असा झटका बसला की हात कोपरापर्यंत बधिर. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास साठतात आणि बॅटरी काढल्यावरही राहतात. दचकून हात मागे घेताना ती रिबनची पट्टी फाटली. कॅमेरा गिऱ्हाइकाचा होता. भरून द्यावा लागला. तेव्हापासून कॅमेऱ्याचा स्क्रू मी काढत नाही.

म्हणून मुंबईला बोरा बाजारात, फोर्टातल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवला. तो म्हणाला, लेन्सचा अख्खा संच बदलावा लागेल, अठराशे रुपये, पण संच मिळाला तर. खरी अडचण तीच असते. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२० साली नव्वद लाखही नाहीत. कॅमेरेच बनत नाहीत तर त्यांचे सुटे भाग कोण बनवणार? केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल, म्हणजे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती देणारी वेबसाइट काढली, चांगलं केलं. पण मॉडेल सोळा वर्षं जुनं असेल तर कंपनी हात वर करते.

लोक सांगतात, दुरुस्ती अर्ध्या किमतीच्या वर गेली की सोडून द्या. अर्धी किंमत, पण कशाची? तुम्ही तेव्हा मोजलेली की आज तसाच कॅमेरा जुन्या बाजारात मिळतो ती? मी दुसरी धरतो. तसाच कॅमेरा चालू स्थितीत अडीच-तीन हजाराला मिळत होता, पण त्याच्या पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक. आपल्या कॅमेऱ्याचं एकच दुखणं आहे आणि ते आपल्याला माहीत आहे, याचीही काही किंमत धरायला हवी. मेकॅनिकला मात्र तीन गोष्टी आधी विचारा: नुसतं बघायचे किती, भाग नवा की दुसऱ्या कॅमेऱ्यातला, आणि पुन्हा अडकला तर किती दिवसांत परत बघणार.

सायलीनं डोकं चालवलं. त्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटलेला पण लेन्स चालणारा एक कॅमेरा तिनं पाचशे रुपयांना शोधून काढला. मेकॅनिकनं त्याची लेन्स यात बसवली, मजुरी सातशे. कॅमेरा झकास चालतोय. एक खोड राहिली. आतला तारीख सांभाळणारा छोटा सेल संपलाय, त्यामुळे बॅटरी काढली की फोटोंवर पुन्हा १ जानेवारी २००८ पडते. मेकॅनिक म्हणाला, शे-दीडशेचं काम आहे, करून टाकू. सायली म्हणाली, “नको हो काका. माझ्या मैत्रिणींना तीच तारीख आवडते.”