सूप, कातर आणि वजनकाटा

(दृश्य : सकाळ, सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर)

रात्री भिजवलेलं तेंदूचं पान ओल्या फडक्यातून बाहेर येतं. मांडीवर सूप. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कातर फिरवायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि तोंड दुमडून आत दाबायचं. हजार विड्या भरेपर्यंत मावशी जागच्या हलत नाहीत. सोलापुरात हजारो बायांचा दिवस असा बसून जातो.

आता बोटं बघा. सांधे सुजलेत. आमवात.

वर्षापूर्वी प्रेडनिसोलोन सुरू झालं, म्हणजे स्टेरॉइड. बोटं पुन्हा चालू लागली, हे आधी सांगायलाच हवं. मग ब्लाउज दाटायला लागले, चेहरा गोल झाला. शेजारीण म्हणाली, "तब्येत सुधारली की ओ मावशी!"

मावशींना वाटलं, भाकरी जास्त होतेय. निम्मं खरं. ही गोळी भूक वाढवते, मीठ-पाणी अंगात धरून ठेवते आणि चरबी चेहऱ्यावर, मानेमागे, पोटावर आणून ठेवते.

वजन वाढवणारं स्टेरॉइड एकटं नाही. मानसिक आजारातलं ओलांझापिन, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन, झोप लागावी म्हणून दिलेलं मिर्टाझापिन, रक्तदाबाचं अटेनोलॉल. मधुमेहात इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसुद्धा: लघवीवाटे वाया जाणारी साखर अंगी लागू लागते. आणि सिप्रोहेप्टाडिन तर मूळचं ॲलर्जीचं औषध, आपल्याकडे भूक लागावी म्हणून मुद्दाम पाजतात!

(दृश्य : चूल, परात, उखळ)

मंगळवेढ्याची ज्वारी. पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर पाण्याचा हात फिरला. कडक भाकरी व्हायची तर पुढं तिच्यातला ओलावा पार जाऊ द्यायचा. मग ती कितीतरी दिवस टिकते. अडचण एवढीच, की चुरून खाताना किती खाल्ली ते कळत नाही. उखळात शेंगा चटणी कुटताना तेल सुटतंय, दिसतंय ना? शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच. चटणी सोडा असं सोलापुरात कोण म्हणेल? चमचा मोजा. खारं, पापड कमी करा. मटकीची उसळ वाढवा.

डॉक्टरांच्या खोलीत कॅमेरा नव्हता. तिथलं थोडक्यात : आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तो आला की स्टेरॉइड हळूहळू उतरवता येतं. इतर आजारांतही पुष्कळदा कमी वजन वाढवणारं औषध मिळतं. विचारावं लागतं. मावशींनी मधे आपल्या मनानंच गोळी बंद केली होती. स्टेरॉइड असं एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. वजनामागून साखर आणि रक्तदाबही येतात. चार-दोन दिवसांत वजन चढलं, पाय सुजले, धाप लागली, तर ते पाणी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

(दृश्य : सिद्धेश्वर तलाव, संध्याकाळ)

अर्धा तास चालणं. सांधे कुरकुरले तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर)

दर सोमवारी, सकाळी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर. ६८. ६७.५. पुन्हा ६८. पेन्सिलीनं लिहिलेलं.

गोळी सुरू झाली त्या महिन्याचं पान मागं उलटलं. दुधाचा हिशोब आहे, विड्यांचा आहे. वजन कुठंच नाही.