मांजराच्या पिसवा आणि रांगतं बाळ

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की मांजर असलेल्या घरांतून एक तक्रार हमखास येते. मांजर सारखं मान खाजवतं, शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडतं, आणि दोन-चार दिवसांत मुलांच्या घोट्यांवर, पोटऱ्यांवर लाल गांध्या उठतात. मग मांजराला धरून पिसवा शोधायच्या. तीन-चार सापडतात, त्या मारल्या की काम झालं असं वाटतं. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

याचं कारण पिसूच्या जगण्यात आहे. मांजराचं रक्त प्यायलेली मादी एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, आणि भरात आली की दिवसाला ४० ते ५० घालते. ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे झोपतं, अंग झाडतं, तिथे ती मिठाच्या कणांसारखी गळून पडतात. त्यातून निघालेली अळी उजेड टाळते. सतरंजीच्या विणीत, सोफ्याच्या फटीत, दिवाणाखालच्या धुळीत, सारवलेल्या जमिनीच्या भेगेत ती शिरते, आणि मोठ्या पिसवांच्या रक्ताळ विष्ठेवर वाढते. हवा दमट असेल तरच ती जगते, म्हणून कोकणात आणि गोव्यात हा त्रास जास्त काळ राहतो. घरातल्या एकूण पिसवांपैकी साधारण ५ टक्केच मांजराच्या अंगावर असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात जमिनीवर, अंथरुणात. म्हणजे जिथे बाळ रांगतं आणि हात तोंडात घालतं, नेमकं तिथेच.

त्यामुळे लहान मुलांच्या घरात कीटकनाशक मांजराच्या मानेवर लावावं, आणि जमीन झाडू, पाणी, ऊन यांनीच साफ करावी. आधी फवारा मारून मोकळं व्हायची घाई करू नये.

पिसवाच आहेत ना, हे आधी पाहून घ्या. मांजराला पांढऱ्या कापडावर उभं करा आणि उवांच्या बारीक फणीने कमरेकडून शेपटीकडे विंचरा. कापडावर काळे बारीक कण पडले तर त्यांवर ओला कापूस दाबा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, नाहीतर साधी माती. फणीत अडकलेली पिसू नखावर मारण्यापेक्षा साबणाच्या पाण्यात बुडवावी, ती उडी मारून निसटत नाही.

आता औषध. मांजरासाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेले, मानेवर सोडायचे थेंब मिळतात. कोणतं आणि किती, हे मांजराच्या वजनावर आणि वयावर ठरतं, म्हणून पशुवैद्यांकडे जाण्याआधी वजन करा. आधी आपण एकटे काट्यावर उभे राहायचं, मग मांजराला घेऊन. फरक ते मांजराचं वजन. फिप्रोनिलची मांजराची एक पिपेट, म्हणजे थेंबांची छोटी नळी, ०.५ मिलिलिटरची असते, आणि ते ८ आठवड्यांहून लहान किंवा १ किलोहून हलक्या पिल्लाला लावत नाहीत. एवढ्याशा पिल्लाला रोज फणी, आणि फार झालं तर सौम्य साबणाने कोमट पाण्यात अंघोळ घालून लगेच कोरडं करायचं. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त शोषून त्याला पंडुरोग झाला आहे असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका, थोडंसुद्धा नाही. कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडांसाठी आणतात त्या औषधांत त्याच वर्गातलं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. कुत्र्याचं शरीर पर्मेथ्रिन मोडून बाहेर टाकतं, मांजराचं यकृत ते पुरेसं मोडू शकत नाही. काही तासांत मांजराचे कान आणि कातडी फुरफुरू लागते, लाळ गळते, अंग थरथरतं, पुढे झटके येतात. असं चुकून झालंच तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने ते औषध धुऊन काढा, मांजराला टॉवेलात गुंडाळा आणि औषधाचं पाकीट घेऊन तडक पशुवैद्यांकडे न्या. घरात कुत्राही असेल आणि त्याला असं औषध लावलं असेल, तर ते पूर्ण सुकेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.

घरगुती उपायांबद्दलही बोलायला हवं. डांबरगोळ्या, कापूर, रॉकेल, टी-ट्री तेल यांपैकी काहीही मांजराच्या अंगावर किंवा अंथरुणात नको. मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे जे लावाल ते पोटात जातं. मुलांनाही धोका तितकाच. कापराचा छोटा तुकडा गिळल्यावर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि डांबरगोळीने काही मुलांच्या तांबड्या पेशी फुटतात. झुरळांच्या खडूच्या रेघा तर रांगत्या बाळाच्या हाताच्या उंचीवरच ओढलेल्या असतात. पिसवांचा पट्टा बांधायचा मोहही टाळा, मूल मांजराला कवटाळतं तेव्हा त्याचा गाल नेमका त्या पट्ट्यावर असतो.

थेंब लावायची वेळ म्हणजे मुलं झोपल्यानंतरची. मांजराला टॉवेलात धरा, डोकं मोकळं ठेवा. कवटी संपून मान सुरू होते तिथले केस दोन्ही बाजूंना सारून कातडी उघडी करा आणि पिपेटचं टोक कातडीला टेकवून सगळं औषध तिथेच रिकामं करा. केसांवर पडलेलं औषध वाया जातं. पाठीवर खाली लावलं तर मांजर जीभ तिथपर्यंत पोचवतं आणि तोंडाला फेस येतो. चोळायचं नाही. रात्रभर मांजर मुलांच्या खोलीबाहेर, आणि ती जागा पूर्ण सुकेपर्यंत मुलांचा हात लागू द्यायचा नाही. पिपेट कागदात गुंडाळून झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाका, आपले हात साबणाने धुवा. फिप्रोनिल कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतं, म्हणून आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको. घरातली सगळी मांजरं आणि कुत्रा यांचे उपचार एकाच दिवशी, ज्याला त्याला त्याचं औषध. एक जरी सुटलं तरी पिसवांना घर मिळतं.

आता जमीन. मांजराची गोधडी, मुलांच्या चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. नेताना पिशवीत भरून न्या, झटकत नेलं तर अंडी वाटभर पडतात. दिवाण, सोफा, कपाट सरकवून रोज झाडा, भेगांत व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी फिरवा, आणि निघालेला कचरा बंद पिशवीत घालून लगेच घराबाहेर टाका. कापडी खेळणीही धुवायच्या यादीत धरा.

एवढं करूनही दोन-तीन आठवडे पिसवा दिसत राहतील. औषध खोटं निघालं असं समजून लोक इथेच दुसरं, तिसरं औषध लावतात आणि मांजर आजारी पडतं. दिसतात त्या कोषातून नव्याने बाहेर पडलेल्या पिसवा. कोषाला धूळ चिकटलेली असते आणि आतल्या पिसवेला फवाराही मारत नाही. ऊब, पावलांची हालचाल आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत ती महिनोन् महिने आत थांबू शकते. मे महिन्यात गावी जाऊन आल्यावर बंद घराचं दार उघडताच घोट्यांना चावे बसतात, ते यामुळेच. झाडण्याने आणि व्हॅक्यूमने कोष लवकर फुटतात, पिसू मांजरावर चढते आणि तिथल्या औषधाने मरते. म्हणून थेंब सलग किमान तीन महिने, दर महिन्याला ठरल्या तारखेला लावा.

प्लेगची भीती अनेकांच्या मनात असते. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगचा प्रसार मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांनी झाला, ती जात वेगळी. मांजराच्या पिसवेचा मुलांना होणारा नेहमीचा त्रास म्हणजे चावे, आणि कधी पट्टकृमी. पिसू चुकून गिळली गेली की तिच्या पोटातली कृमीची अळी मुलाच्या आतड्यात वाढते. मुलाच्या शौचात किंवा मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले, तर एक तुकडा छोट्या बाटलीत घालून मुलाच्या डॉक्टरांना आणि मांजराच्या डॉक्टरांना दाखवा. दोघांचा इलाज गोळ्यांनी होतो.

आणि मुलाच्या हाताला औषध लागलं तर साबणाने धुवा, डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची बारीक धार धरा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. तोंड पुसा, पिपेटचं पाकीट हातात घ्या आणि १०८ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात पोचा. औषधात नेमकं काय होतं हे डॉक्टरांना त्या पाकिटावरूनच कळतं, म्हणून मांजराचं औषध आणलं की त्याचं खोकं महिना संपेपर्यंत फेकू नका.