पोच घेतली का?

(उपनगरातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिला 'मुंबईतली जनआंदोलनं'. विषय एवढा मोठा आहे की तासाभरात नुसती नावं आणि सनावळ्याच वाचून होतील. म्हणून मी माझ्या ओळखीच्या वाटेने जाते. पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत मी बरीच वर्षं पाण्याच्या प्रश्नावर काम करते आहे. तिथल्या बायका पालिकेच्या कार्यालयातून परतणाऱ्या कुणालाही पहिला प्रश्न विचारतात, "पोच घेतली का?" अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, एवढंच ते असतं. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

हा प्रश्न आम्ही फार महागात शिकलो. आमचा पहिला हंडा मोर्चा एका मे महिन्यात निघाला. चारशे बायका होत्या. रिकामे हंडे, कळश्या, तेलाचे पत्र्याचे डबे. कार्यालयाच्या दारात भर उन्हात बसलो, घोषणा देऊन घसे बसले. चारच्या सुमाराला साहेब खाली आले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, आठ दिवसांत पाणी देतो." टाळ्या पडल्या. वस्तीत परतल्यावर आम्ही नारळ फोडला. सहाव्या दिवशी पाणी खरंच आलं. दहाव्या दिवशी गेलं. पुन्हा कार्यालयात गेलो तर साहेबांची बदली झालेली. त्यांच्या खुर्चीत बसलेल्यांनी विचारलं, "असं कबूल केल्याचा काही कागद आहे?"

कागद नव्हता. त्या चारशेंपैकी बहुतेक जणी धुणीभांडी करणाऱ्या, मजुरीसाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, घरी बसून जरीकाम करणाऱ्या. एक दिवसाची मजुरी बुडवून त्या माझ्या शब्दावर आल्या होत्या आणि मी त्यांना रिकाम्या हाताने घरी नेलं होतं. ती चूक माझी होती. ती मी प्रत्येक सभेत सांगते, कारण आजही नव्याने काम सुरू करणारी मुलं मोर्चाचा फोटो जपून ठेवतात आणि निवेदनाची प्रत हरवतात.

त्यानंतर आम्ही वही घातली. साधी दोनशे पानी लांब वही. रकाने पाच: तारीख, पाणी कधी आलं, कधी गेलं, हंडे किती भरले, सही किंवा अंगठा. लिहायला आठवीतली एक मुलगी होती. पहाटे तिची आई नळावर रांगेत उभी राहायची आणि ही बाजूला दगडावर बसून, मांडीवर वही घेऊन, आईच्या मोबाइलच्या उजेडात वेळ टिपायची. पावसाळ्यात वहीला प्लास्टिकची पिशवी. परीक्षेच्या दिवसांत तिची धाकटी बहीण लिहायची, त्या पानांवरचं अक्षर वेगळं आहे. सलग आठ महिने.

वही घेऊन अभियंत्यांकडे गेलो. त्यांच्या नोंदीत आमच्या वस्तीला रोज दोन तास पाणी होतं. वहीत होतं सरासरी पंचवीस मिनिटं. ते आधी चिडले, मग त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. बराच वेळ उलटत राहिले. शेवटी त्यांनी चावीवाल्याला बोलावलं. मुंबईत बहुतेक भागांत पाणी चोवीस तास येत नाही. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली असते, आणि रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून ते पाणी सोडणारा कामगार म्हणजे चावीवाला. तो खरं बोलला. म्हणाला, "साहेब, मी चावी दोन तासच उघडतो. पण वरच्या अंगाला सगळ्यांनी मोटारी लावल्यात. त्यांच्या टाक्या भरल्या की मग या टोकाला धार लागते." म्हणजे दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. पाणी दोन तास सुटत होतं आणि पंचवीस मिनिटं पोचत होतं. चारशे बायकांच्या घोषणांतून हे कुणालाच कळलं नव्हतं, आम्हालासुद्धा नाही. टोकाकडची जलवाहिनी मोठ्या व्यासाची करायचा प्रस्ताव त्या वहीवरून तयार झाला. त्या दिवशी आम्ही पोच घेतली.

तुम्हाला वाटेल, ही आजकालच्या माहिती अधिकाराच्या जमान्यातली रीत आहे. मुंबईत ती फार जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्या कागदावर उतरवल्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. मागण्या किती नेमक्या आहेत पाहा. 'आमच्यावरचा अन्याय दूर करा' एवढंच लिहिलेलं नाही. अर्धा तास, पंधरा तारीख, सूर्यास्त, सगळं मोजलेलं. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनसमोर गेलं. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. त्या वर्षी २४ एप्रिलला दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिच्यात दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. सह्यांपासून सुट्टीपर्यंत सहा वर्षं गेली. आज तुम्ही सगळे रविवार म्हणून इथे येऊ शकलात.

मोर्चाला मी कमी लेखत नाही, हे इथेच स्पष्ट सांगते. मोर्चा नसता तर अभियंत्यांनी आम्हाला खुर्ची दिली नसती आणि वही उघडलीही नसती. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार समितीत एकत्र आल्या. समाजवादी, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, सगळे झेंडे बाजूला ठेवून. हातात लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या. यातल्या बहुतेकींनी त्याआधी मोर्चाचं तोंड पाहिलं नव्हतं. लाटणं हे हत्यार का झालं? ते प्रत्येक घरात होतं, त्यासाठी वर्गणी काढावी लागत नव्हती, आणि ते पाहिल्याबरोबर प्रश्न पिठाचा आहे हे कळत होतं. मृणालताईंना गोरेगावने 'पाणीवाली बाई' म्हटलं ते मात्र एका मोर्चाने नव्हे. नळासाठी वर्षानुवर्षं पालिकेचे जिने चढल्यावर ते नाव मिळालं.

आता कागदाची दुसरी बाजू. झोपडपट्टीतल्या माणसाला कागद नेहमीच आधार देत नाही, पुष्कळदा तोच त्याच्या आड येतो. १९९६ च्या शासकीय परिपत्रकाने ठरवलं की १ जानेवारी १९९५ च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल त्यालाच पाण्याची जोडणी. पुढे ती तारीख २००० पर्यंत सरकली. म्हणजे तहान लागलेल्या माणसाला आधी विचारायचं, तू कधी आलास? मतदार यादीतलं नाव, शिधापत्रिका, विजेचं बिल दाखव.

आणि हे कागद राहतात कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या वस्तीत छातीपर्यंत पाणी. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा एक मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. मला वाटलं, काही शिजवताहेत. त्यांनी तवा कोमट करून त्यावर शिधापत्रिका ठेवली होती. एकेक पान उलथन्याने अलगद उचलायचं, उलटायचं, वरून पदराने दाबायचं. शाई जाऊ नये म्हणून तवा जास्त तापू द्यायचा नाही. घरातली भांडी वाहून गेली होती, पीठ भिजून गोळा झालं होतं, नातवाला दूध नव्हतं. त्या म्हणाल्या, "ताई, भांडी घेता येतील. पंच्याण्णव साल कुठून आणू?"

त्या वाक्याचं उत्तर शोधायला मुंबईतल्या अनेक वस्त्यांना बरीच वर्षं लागली. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात याचिका केली आणि १५ डिसेंबर २०१४ ला निकाल आला: राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं, झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणाने पाणी अजिबात नाकारता येणार नाही, पालिकेने धोरण आखावं. कायदेशीर घरांच्या बरोबरीने हक्क सांगता येणार नाही, असंही त्याच निकालात आहे. दोन्ही वाक्यं वाचली पाहिजेत. वस्तीत आम्ही निकालाचं मराठी करून वाचलं तेव्हा ते दुसरं वाक्यही वगळलं नाही. 'सर्वांसाठी पाणी' हे पालिकेचं धोरण आलं २०२२ च्या मे महिन्यात. निकालापासून धोरणापर्यंत साडेसात वर्षं, आणि धोरणापासून नळापर्यंत पुन्हा अर्ज, जागेची पाहणी, परवानाधारक प्लंबर, खोदाईची परवानगी.

या काळात बाई पाणी विकत घेते. आमच्या वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब आहे. ३५ लिटरचा कॅन २० रुपयांना. म्हणजे हजार लिटरला ५७१ रुपये. अधिकृत जोडणी असलेल्या झोपडीला पालिकेचा दर हजार लिटरला ५ रुपयांच्या आतबाहेर. ज्याच्याकडे नळ नाही तो शंभरपट जास्त देतो. हा हिशेब त्या आठवीतल्या मुलीनेच मांडला होता, आणि खाली रेघ मारून तपासून पाहिला होता. गरिबांना पाणी फुकट हवं असतं असं कुणी म्हणालं की मी ते पान पुढे करते.

सफाई कामगारांची लढाई याच प्रकारची. कचरा वाहतूक श्रमिक संघ ज्यांच्यासाठी लढला ते कंत्राटी कामगार कागदावर कामगारच नव्हते, 'स्वयंसेवक' होते. रोज पहाटे मुंबईचा कचरा उचलणाऱ्याला आधी हेच सिद्ध करावं लागलं की आपण कामगार आहोत. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय टिकला. आणि त्यानंतरही यादीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळत नाही म्हणून कित्येक जण अडकून राहिले. एका वेलांटीसाठी नोकरी अडते. म्हणून आमच्याकडे अर्ज लिहिणारी मुलगी नाव दोनदा मोठ्याने वाचून दाखवते.

२०१८ च्या मार्चमधला शेतकऱ्यांचा लाँग मार्च तुम्हाला आठवत असेल. नाशिकहून चालत आलेले आदिवासी शेतकरी, पायांना फोड. ११ मार्चला ते पूर्व द्रुतगती मार्गाने आले तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका कडेला हंडे घेऊन उभ्या होत्या. विकतचं पाणी होतं ते, मला माहीत आहे. रात्री सोमय्या मैदानावर टेकलेली ती माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठून अंधारात आझाद मैदानापर्यंत चालली, कारण सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. आमच्या बायकांच्या लक्षात आणखी एक गोष्ट राहिली. लेखी आश्वासन हातात पडल्यावरच ते उठले. नंतर २०१९ ला आणि २०२३ ला त्यांना पुन्हा चालावं लागलं, कारण लिहून दिलेलंसुद्धा पाळलं गेलं नव्हतं. यावर आमच्याकडच्या एका तरुण मुलाने विचारलं, "मग लेखी घेऊन उपयोग काय झाला?" त्याला मी उत्तर देण्याआधी तव्यावर कागद वाळवणाऱ्या मावशी बोलल्या. म्हणाल्या, "अरे, दुसऱ्यांदा गेले तेव्हा काय मागायचं ते नव्याने सांगावं लागलं नाही त्यांना."

मावशी आता नाहीत. त्यांच्या गल्लीत नळ आला, पाच घरांत मिळून एक जोडणी. अशा गटाचा एक सेक्रेटरी असतो, बिल त्याच्या नावाने येतं. आमच्या वस्तीत तो आजवर पुरुषच असायचा. पाणी भरणार बाई, रांगेत बाई, भांडणात बाई आणि बिलावर नाव नवऱ्याचं. त्या गल्लीने अर्जावर मावशींच्या सुनेचं नाव घातलं. कार्यालयात दोनदा विचारलं गेलं, "घरात पुरुष माणूस नाही का?" ती म्हणाली, "आहे, पण पाण्याचं मी बघते." आज बिल तिच्या नावाने येतं.

नाल्याच्या कडेची चौदा घरं मात्र अजून राहिली आहेत. त्यांचा अर्ज तीनदा परत आला, प्रत्येक वेळी वेगळं कारण लावून. तिन्ही पोचपावत्या आहेत, आणि तिन्ही कारणं एकमेकांशी जुळत नाहीत हे आम्ही चौथ्या अर्जात क्रमवार लिहिलं आहे. पुढच्या सोमवारी तो द्यायला जायचं आहे. तुमच्यापैकी कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळी साडेदहाला या.

सध्याची वही मी बरोबर आणली आहे. समोर टेबलावर ठेवते, हाताळून बघा. ही अकरावी. आजची नोंद त्याच मुलीची आहे. ती आता नोकरी करते, पण रविवारची पाळी तिने सोडलेली नाही. वाचते: "पाणी आलं ४.१०. गेलं ४.३८. हंडे ९. नाल्याकडच्या दोन घरांना आमच्यातून दिले."