पुढच्या मालिकेला बोलावलं नाही

[दृश्य: वर्धा रोड, दुपार. खापरीच्या पुढे पोलिसांचे बॅरिकेड. निळ्या जर्सी, गालावर तिरंगा रंगवून देणारी पोरं.]

नागपुरात आंतरराष्ट्रीय सामना असला की वर्धा रोड सकाळपासूनच बोलायला लागतो. मेट्रो खापरीपर्यंत आणून सोडते. पुढे जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत ऑटोवाला सांगेल तो भाव. २००८ पासून मोठं क्रिकेट इथे होतं, त्याआधी ते सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या (व्हीसीए) जुन्या मैदानावर व्हायचं. जुने नागपूरकर अजूनही कुरकुरतात, की तिथे कसं चालत जाता यायचं!

[दृश्य: स्टेडियमची मागची बाजू. प्रक्षेपणाची ओबी व्हॅन, केबलची भेंडोळी, सावलीत डबा खाणारा क्रू.]

प्रेक्षकांच्या आधी इथे हे लोक येतात. कॅमेरावाले, आवाज सांभाळणारे, रिप्ले काढणारे, धावांचे तक्ते पडद्यावर आणणारे. आणि रनर, म्हणजे चहापासून स्कोअरशीटपर्यंत सगळं वरखाली पोचवणारी विशी-बाविशीतली पोरं-पोरी. यांतले बरेच जण कोणाचेच कायम नोकर नसतात. मालिकेपुरता करार, नाहीतर दिवसाचे पैसे. वर काचेआड माइक घेऊन बसलेला समालोचक, म्हणजे बहुधा माजी खेळाडू, तोसुद्धा अनेकदा करारावरच असतो. त्याचा करार जाड, एवढंच.

लैंगिक छळाचा आरोप झाला आणि अशा समालोचकाचं काम गेलं, तर ते कसं जातं? आपल्याला ते दिसतं तरी का?

[दृश्य: कामठी. संध्याकाळचं फुटबॉल मैदान, धूळ, शिट्टी.]

सुरुवात फुटबॉलपासून करू. ऑफसाइड म्हणजे काय, हे कामठीतलं शाळकरी पोरगं उभ्या उभ्या समजावून सांगेल. २२ जानेवारी २०११ ला इंग्लंडमध्ये वुल्व्ह्ज आणि लिव्हरपूलचा सामना होता आणि सीमारेषेवर सहायक पंच होत्या शॉन मॅसी. स्काय स्पोर्ट्स वाहिनीचे निवेदक रिचर्ड कीज आणि समालोचक अँडी ग्रे यांना वाटलं की माइक बंद आहेत. बाईंना ऑफसाइड कळत नसणार, कोणीतरी खाली जाऊन समजावून सांगा, अशी त्यांची थट्टा चालली होती. त्याच सामन्यात लिव्हरपूलच्या पहिल्या गोलच्या वेळी मॅसी यांनी झेंडा खालीच ठेवला, म्हणजे ऑफसाइड नाही. निर्णय अगदी बारीक फरकाचा होता आणि रिप्लेत तो बरोबर निघाला.

नुसत्या थट्टेवर ते निभावलं असतं, असं मला वाटतं. पण मग आदल्या डिसेंबरची आणखी एक चित्रफीत बाहेर आली. तिच्यात ग्रे आपल्या सहकारी निवेदिकेला, माइक लावून दे म्हणून, काय सुचवतात ते दिसत होतं. २५ जानेवारीला ग्रे यांना काढलं. दुसऱ्या दिवशी कीज यांनी राजीनामा दिला. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनची ही जोडी, चार-पाच दिवसांत पडद्यावरून गेली.

आणि लगेच परत आली. काही आठवड्यांत दोघं एका ब्रिटिश रेडिओवर होते, २०१३ मध्ये दोह्यात नव्या चॅनेलवर. शॉन मॅसी यांनीही काम सोडलं नाही. फुटबॉलमधल्या कामासाठी २०१७ मध्ये त्यांना एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

या प्रकरणात चित्रफिती होत्या, हे लक्षात ठेवा. बहुतेक वेळा त्या नसतात.

[दृश्य: रिकामा स्टुडिओ. खुर्चीवर लटकलेला इअरपीस.]

३० नोव्हेंबर २०१७ ला कॅनडाच्या स्पोर्ट्सनेट वाहिनीने बेसबॉल विश्लेषक ग्रेग झॉन यांचा करार संपवला. एकापेक्षा जास्त महिला सहकाऱ्यांनी तक्रार केली होती. शारीरिक वा लैंगिक हल्ल्याचा आरोप नाही, अयोग्य वर्तन आणि बोलण्याचा आहे, असं कंपनीनेच जाहीरपणे सांगितलं. इथे पुरावा म्हणजे त्या बायकांचं म्हणणं, आणि ते ऐकून घेणारं कोणीतरी.

अमेरिकेत २००६ च्या जुलैत याच्या उलट झालं. ईएसपीएन वाहिनीने बेसबॉल विश्लेषक हॅरॉल्ड रेनॉल्ड्स यांना काढलं आणि कारण जाहीर केलं नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीच्या बातम्या आल्या. एका मिठीचा गैरसमज झाला, असं रेनॉल्ड्स म्हणाले आणि कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. २००८ मध्ये तडजोड झाली, कागद बंद झाले. पुढे ते बेसबॉलच्याच एका वाहिनीवर रुजू झाले. तक्रार खरी की खुलासा खरा, प्रेक्षकांना कळलंच नाही.

[दृश्य: सिव्हिल लाइन्स. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, जिल्हाधिकारी कार्यालय, आकाशवाणी.]

आता आपल्याकडे या. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. ती पाळायला लावण्यासाठी पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांना पुन्हा कोर्टात झगडावं लागलं. शेवटी २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखणारा कायदा झाला, ज्याला सगळे पॉश म्हणतात. ज्या सुटाबुटातल्या माणसांच्या नावाने तो आज गाजतो, त्यांच्यापेक्षा तो कोणाच्या जिवावर उभा आहे, ते नीट लक्षात ठेवलेलं बरं.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी लोक असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

[दृश्य: हॉटेलच्या दारात उभी मिनीबस. क्रूचे गळ्यातले पास.]

समजा, जामठ्याला मालिकेचा एक सामना आहे. रनर म्हणून आलेली मुलगी नागपूरचीच, कुठल्यातरी छोट्या पुरवठादाराने दिवसावर आणलेली. समालोचकाचा करार प्रक्षेपण कंपनीशी. मैदान क्रिकेट संघटनेचं, हॉटेल तिसऱ्याच कोणाचं. सामन्यानंतर मिनीबसमध्ये किंवा हॉटेलच्या लॉबीत तो काही बोलतो, करतो. हे कोणाचं ऑफिस?

कायदा इथे तुमच्या-माझ्या समजुतीच्या पुढे आहे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा, कामाचं ठिकाण धरलं जातं. रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, अगदी बिनपगारी मुलगीही कर्मचारी ठरते. तो दुसऱ्या कंपनीचा, मग माझी समिती काय करणार? दिल्लीतल्या सरकारी खात्यांच्या एका प्रकरणात डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तक्रारदार महिलेच्या ठिकाणची समिती दुसऱ्या खात्यातल्या माणसाविरुद्धची तक्रारही चौकशीला घेऊ शकते.

कागदावर वाट आहे. पण हा धंदा फोनवर चालतो. "ताई, पुढच्या आठवड्यात रायपूरला येशील का?" हा फोन आला तर काम, नाही आला तर घरी. समालोचकाचंही तसंच. नियमांत समितीने काय शिफारस करावी याची यादी आहे: लेखी माफी, ताकीद, वेतनवाढ रोखणं, बडतर्फी. मालिकेपुरत्या माणसाची वेतनवाढ कुठून रोखणार? त्याला काढत कोणीच नाही, पुढच्या मालिकेला बोलावत नाहीत. आणि तक्रार करणाऱ्या मुलीलाही बोलावत नाहीत. "भांडखोर आहे जी, कशाला डोक्याला ताप!" बाहेरून दोघांचं गायब होणं सारखंच दिसतं. फरक इतकाच, की त्याच्याबद्दल आपण सोशल मीडियावर विचारतो, आमचा आवडता आवाज कुठे गेला म्हणून.

[दृश्य: प्रक्षेपणाचा पडदा. समालोचकांच्या नावांची पट्टी सरकते.]

उत्तर मिळणार नाही, आणि तेही कायद्यानेच. तक्रारदार, आरोप झालेला माणूस, साक्षीदार, चौकशीतला मजकूर, काहीच छापता किंवा दाखवता येत नाही. मला ही तरतूद पटते. तिच्यामुळे मुलगी वाचते, आणि आरोप सिद्ध न झालेला माणूसही. पण "वैयक्तिक कारणामुळे उपलब्ध नाहीत" या एका ओळीआड कंपनीही आरामात लपते. न्याय मिळाला एवढी बातमी नावं न देता सांगायला कायद्याची मनाई नाही. ती सांगताना मात्र सहसा कोणी दिसत नाही.

[दृश्य: बुद्धिबळाच्या पटाचं दृश्य, नागपुरातला एक सराव वर्ग. मुलीच जास्त.]

नागपूरला हा विषय नवा नाही. जानेवारी २०२४ मध्ये इथली बुद्धिबळपटू दिव्या देशमुख नेदरलँड्समधली स्पर्धा खेळून आली आणि तिने लिहिलं, की लोक डावांऐवजी कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी जुलैत तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. तिचा मुद्दा प्रेक्षकांबद्दल होता. पण मुलगी खेळताना काय बघायचं, हे प्रेक्षक अर्धंअधिक माइकवरूनच शिकतात.

[दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा जिना. शेवटची माहितीची पाटी.]

ज्यांना याची गरज आहे त्यांच्यासाठी. तक्रार लेखी द्यायची, सहा प्रतींत, साक्षीदारांच्या नावांसह. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. चौकशी नव्वद दिवसांत. तोवर बदली किंवा रजा मागता येते. आपली कंपनी कोणती हेच कळत नसेल, तर पैसे ज्याने दिले त्याचं नाव आधी कागदावर घ्या, सामना सुरू व्हायच्या आत.