इंजिन बंद पडलं तरी

श्रोतेहो, नमस्कार. नागपुरात वर्धा रोडकडे राहणाऱ्यांना सोनेगाव विमानतळावर उतरणारं विमान रोजचंच. परवा गच्चीवर वाळवण काढता काढता शेजारच्या काकूंनी वर पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, याचं इंजिनच वर बंद पडलं तर? दगडासारखं खाली येईल ना?"

नाही, काकू. इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडत नाही. सेमिनरी हिल्सच्या उतारावर सायकल सोडली की पायडल न मारताही ती धावते, तसंच हे. इंजिन वेग देतं. विमान उचलून धरतात ते पंख, आणि पंखांना हवी फक्त समोरून वाहती हवा. वैमानिक नाक जरा खाली ठेवतो, उंची खर्च करतो, वेग कमावतो. नागपूरवर 35,000 फुटांवर सगळी इंजिनं थांबली, तरी मोठं जेट अमरावतीपर्यंत तरंगत जाऊ शकतं. पुन्हा सांगतो, इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडत नाही.

आता याची एक खरी गोष्ट सांगतोच. 23 जुलै 1983, कॅनडा. एअर कॅनडाचं बोइंग 767, आत 69 माणसं. त्या दिवशी विमानाचा इंधनकाटा बिघडलेला, म्हणून टाकीत पट्टी घालून लिटर मोजले आणि त्याचं वजन काढलं. घरातली तेलाची पिशवी बघा: एक लिटर, आणि बाजूला बारीक अक्षरात 910 ग्रॅम. लिटर वेगळं, वजन वेगळं. विमानाचं इंधन लिटरमागे साधारण 800 ग्रॅम. हिशोबात मात्र लिटरमागे 1.77 हा आकडा धरला गेला. तो पौंडांचा होता, समजला गेला किलोचा; आणि पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. हवं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं. मुलांनी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही, तर बाईंनी अर्धा नव्हे, पूर्ण गुण कापावा, असं माझं ठाम मत आहे.

41,000 फुटांवर उडत असताना इंधन संपत आलं. आधी एक इंजिन गेलं, मग दुसरं. वैमानिकांसमोरचे स्क्रीन काळे झाले. घरघर थांबली. अशा वेळी विमानाच्या पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर येतो, वाऱ्यावर फिरतो आणि विमान वळवण्यापुरती ताकद देतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर दोन दिवे चालावेत, तेवढीच.

विनिपेग शहराचा विमानतळ गाठणं शक्य नव्हतं. सहवैमानिक क्विंटाल यांना गिमली इथला हवाई दलाचा जुना तळ आठवला, तिथं त्यांनी नोकरी केली होती. जुन्या धावपट्ट्या लक्षात ठेवाव्यात, श्रोतेहो. आपल्या सोनेगावलाच 1949 पासून मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं एकत्र यायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत पत्रं आपापल्या शहरांत पोचायची. किती लोकांना हे माहीत आहे?

तर गिमली. कॅप्टन पिअर्सन बिनइंजिनाची ग्लायडर चालवणारे. विमान फार उंच आलं होतं, आणि फेरी मारायला पुन्हा उंची आणणार कुठून? त्यांनी एक पंख खाली झुकवला, शेपटीचं सुकाणू उलट दाबलं, आणि ते एवढं मोठं विमान तिरकं घसरत खाली आणलं. प्रवाशांना खिडकीतून थेट जमीन दिसत होती. त्यात त्या तळावर आता मोटारींच्या शर्यती चालायच्या. त्या दिवशी लोक मुलाबाळांसह जमलेले. दोन पोरं धावपट्टीवरच सायकल चालवत होती. इंजिनाचा आवाज नाही, म्हणून विमान येतंय हे कुणाला कळेना. वळून पाहिलं तर समोर विमान! पोरं जीव घेऊन पायडल मारत सुटली.

पुढचं चाक पक्कं बसलं नव्हतं. नाक जमिनीला घासलं, ठिणग्या उडाल्या, आणि विमान गर्दीच्या अलीकडे थांबलं. नाकाशी आग लागली, ती शर्यतवाल्यांनीच विझवली. काही जणांना उतरताना किरकोळ लागलं, बाकी 69 च्या 69 सुखरूप. आणि काकू, तेच विमान दुरुस्त होऊन पुढे 2008 पर्यंत उडत राहिलं.