संयुक्त राष्ट्रांचं नागपुरात ऐकतं कोण?

नमस्कार मंडळी. माझ्या मागे सिव्हिल लाइन्समधली घुमटाची इमारत दिसतेय ना, ते आपलं हायकोर्ट. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. आज मुद्दाम इथे आलोय. परवा चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "भाऊ, मानवी हक्क वगैरे सारं ठीक आहे, पण संयुक्त राष्ट्रांचं आपल्या इथं ऐकते कोन?"

प्रश्न रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांकडे सीताबर्डीच्या ठाण्यात पाठवायला साधा शिपाई नाही. उलट त्यांच्याच सनदेचं कलम 2(7) सांगतं की देशाच्या अंतर्गत कारभारात त्यांनी पडायचं नाही. 10 डिसेंबर 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा तर करारसुद्धा नाही, नुसता ठराव आहे. मग तो कागद कामाला येतो कुठे? अशाच इमारतींमध्ये, आपल्याच न्यायाधीशांच्या हातात.

त्यासाठी 1975 मध्ये जाऊ. आणीबाणी लागलेली, मिसा या खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली हजारो माणसं आत. घरच्यांनी हायकोर्टांत हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. हेबियस म्हणजे सरळ मागणी: आमच्या माणसाला कशासाठी धरलंय ते सांगा, त्याला कोर्टापुढे आणा. अशा अर्जासाठी आलेल्या आया मी अलीकडेही या व्हरांड्यात पाहिल्या आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, आधारची झेरॉक्स आणि मुलाचा पासपोर्ट फोटो. वकील सही कुठे करायची ते दाखवत असतो, आणि बाई विचारते, "पोरगं आज दिसन का?" हा हक्क तिच्यासाठी आहे. चर्चासत्रांसाठी नाही.

सरकारचं तेव्हा म्हणणं होतं की राज्यघटनेच्या कलम 21 साठी, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जाण्याचा हक्कच स्थगित आहे, त्यामुळे या अर्जांना दार बंद. काही हायकोर्टांनी हे मानलं नाही, आणि त्यांत आपलं नागपूर खंडपीठ होतं. मला याचा फार अभिमान वाटतो. सगळीकडे भीती असताना इथल्या न्यायाधीशांनी दार पूर्ण लावून घेतलं नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरलना विचारलं की पोलिसाने खाजगी वैरातून कुणाला मारलं तरी दाद नाही का? उत्तर आलं: आणीबाणी आहे तोवर नाही. 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. सरकार जिंकलं.

तो एक म्हणजे खन्ना. त्यांनी आपल्या निकालपत्रात 1948 च्या जाहीरनाम्याची कलमं 8 आणि 9 आणली. मनमानी अटक नको, आणि हक्क डावलला तर देशातल्याच न्यायालयात दाद मिळावी, असं ती कलमं सांगतात. खन्नांची मांडणी नीट ऐका. देशाचा कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांत उघड विरोध असेल, तर न्यायालय देशाचाच कायदा पाळेल. पण देशाच्या कायद्याचे दोन अर्थ निघत असतील, तर आंतरराष्ट्रीय कायद्याशी जुळणारा अर्थ घ्यावा. यात सार्वभौमत्व कुठे गेलं? कायदा आपला, न्यायाधीश आपले. जाहीरनाम्याने फक्त कुठला अर्थ घ्यायचा ते दाखवलं.

खन्नांना डावलून त्यांच्या कनिष्ठांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल रद्द ठरवला. त्या पीठात नागपूरचे शरद बोबडे होते, आणि धनंजय चंद्रचूडही. धनंजय चंद्रचूडांचे वडील 1976 मध्ये बहुमतात होते.

आता जे राहिलंय ते. 1979 मध्ये भारत संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात सामील झाला, पण व्यक्तीला जिनिव्हाच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोड-करार आपण स्वीकारलेला नाही. म्हणजे नागपूरच्या माणसाचं शेवटचं दार दिल्लीत.

आणि संयुक्त राष्ट्रांचाच छळविरोधी करार. त्यावर भारताने सही केली ती तारीख नागपूरकर विसरणार नाहीत: 14 ऑक्टोबर, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेची तारीख; साल 1997. पण अनुसमर्थन अजून नाही. आपल्या विदर्भाच्या भाषेत, साक्षगंध झालं, लग्न राहिलं. सही म्हणजे इरादा, अनुसमर्थन म्हणजे बंधन. बाहेरच्यांनी आपल्या तुरुंगांत डोकावू नये, हे आमचं आम्ही पाहू, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो.

मला तो पटत नाही. 1995 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली गेली. त्यातला आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमध्ये आहे. तिथलं सरकार 2010 मध्ये त्याला सोपवायला तयार झालं, पण न्यायालयांनी अडवलं. कारण, भारतात त्याचा छळ होण्याचा धोका. 2024 मध्ये पुन्हा नकार. आपल्या भूमीवरचा गुन्हा, आणि आपल्या कोठड्यांबद्दलचं मत डेन्मार्कचं न्यायालय देतंय! सार्वभौमत्वाला याहून मोठा धक्का कुठला?

छळ रोखणारं विधेयक 2010 मध्ये लोकसभेने मंजूर केलं, राज्यसभेत प्रवर समितीकडे, म्हणजे खासदारांच्या तपासणी समितीकडे गेलं आणि पुढे व्यपगत झालं, म्हणजे मंजूर न होताच बाद झालं. 2017 मध्ये विधी आयोगाने 273 व्या अहवालात नवा मसुदा जोडून दिला. पुढच्या व्हिडिओत तो मसुदा आपण कलमवार वाचू. तोवर तुमचे खासदार भेटले, तर त्यांना विचारा, तो कुठपर्यंत आला.