सॅन क्लेमेंटेचा नाका

(डाव्या हाताला समुद्र, उत्तरेकडे निघालेल्या गाड्या)

सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला निघालं, की इंटरस्टेट ५ वर हा नाका लागतो. मेक्सिकोची सीमा ६६ मैल मागे राहिली, तरी बॉर्डर पेट्रोलचे, म्हणजे अमेरिकेच्या सीमा-गस्ती दलाचे, अधिकारी इथे गाडी अडवतात.

(अंधार, हेडलाइटचा झोत)

११ मार्च १९७३ ची संध्याकाळ. हवा खराब होती, म्हणून नाका बंद. दोन अधिकारी गाडी रस्त्याकडेला लावून बसले होते. रस्ता काळोखा, आपल्याच हेडलाइटच्या उजेडात ते जाणाऱ्या गाड्यांमधली माणसं न्याहाळत होते. एका गाडीत तिघं दिसले. पाठलाग करून गाडी थांबवली. कारण विचाराल, तर तिघं मेक्सिकन वाटले. एवढंच.

खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९७५ मध्ये कोर्टाने सांगितलं: फिरत्या गस्तीला गाडी थांबवायची तर संशयाला ठोस आधार हवा. नुसत्या चेहऱ्यामोहऱ्यावर तो उभा राहत नाही. आणि त्याच वर्षी, याच नाक्यावरच्या दुसऱ्या खटल्यात कोर्ट म्हणालं, की संमती किंवा सबळ कारण नसेल तर गाडीची झडती नाही. १९७६ मध्ये मात्र, पुन्हा याच नाक्यावरून, कायम नाक्यावर संशयाविनाही गाडी थोडा वेळ थांबवून प्रश्न विचारायला मुभा मिळाली.

(गाडीची काच खाली येते)

म्हणजे काचेपाशी आलेला अधिकारी विचारू शकतो. उत्तर न देता गप्प राहण्याचा हक्क तुमचा आहे. मात्र खोटं बोलायचं नाही, खोटा कागद दाखवायचा नाही. तुम्ही अमेरिकन नागरिक नसाल आणि वय १८ किंवा त्याहून जास्त असेल, तर ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या मंडळींचा हा कागद बहुतेक वेळा घरच्या कपाटात असतो. तो गाडीत घ्या.

(बंद डिकी, तिच्यावर टॉर्चचा उजेड)

आणि डिकी उघडायला सांगितलं, तर हे वाक्य इंग्रजीतच, शांतपणे म्हणा: ‘आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च.’ हात स्टिअरिंगवर दिसू द्या. ‘अॅम आय फ्री टू गो?’ हेही विचारा.

नुसता वंश, भाषा, ठिकाण किंवा काम पाहून कुणाला थांबवू नका, असं खालच्या कोर्टाने लॉस एंजेलिस भागातल्या फिरत्या गस्तींना बजावलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही बंधनं तात्पुरती उठवली.

(मागच्या सीटवर झोपलेली मुलगी, नाका मागे पडतो)